जुना ऑसिलोस्कोप : प्लग लावण्याची घाई नको

वाशीम, कारंजा, मंगरूळपीरकडील आमचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर आता इन्व्हर्टर आणि अॅम्प्लिफायरची कामे घेतात. अशा कामाला ऑसिलोस्कोप फार उपयोगी. नवा परवडत नसेल, तर ठाण्याच्या अपलॅबसारख्या कंपनीचा जुना नग भंगारात मिळाल्यास तो सोडू नये, असे आमचे मत आहे.

पण असा नग दुकानात आणताच २३० व्होल्टला जोडणे म्हणजे माल हातचा घालवणे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले फिल्टर कंडेन्सर आतून सुकतात किंवा त्यांची गळती वाढते. एखादा शॉर्ट असला तर डायोड जातात, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातलेली असेल तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. अनेक टॅपचा तसा ट्रान्सफॉर्मर सहज मिळत नाही. मग उरते फक्त लोखंडाची किंमत.

म्हणून आधी फ्यूज आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहावा. नंतर १०० वॅटचा बल्ब लावलेल्या सिरीज बोर्डावर नग चालू करावा. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजस्वीच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधावा. बल्ब मंद झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. सिरीजमध्ये नगाला पुरते व्होल्टेज मिळत नाही, त्यामुळे खरे माप बल्ब काढून थेट जोडल्यावरच घ्यावे.

प्रत्येक सप्लायचे डीसी व्होल्टेज सर्किटच्या नकाशाशी ताडून पाहावे. डीसी बरोबर असूनही पडद्यावरची रेषा थरथरत असेल, तर बहुधा १०० हर्ट्झचा रिपल आहे आणि फिल्टर कंडेन्सर कमजोर आहे. बदली कंडेन्सरचे व्होल्टेज मूळ इतके किंवा जास्त आणि १०५ अंशाचे घ्यावे. मायक्रोफॅरड मात्र उगाच दुप्पट करू नये, डायोडवर ताण येतो.

पिक्चर ट्यूबकडे दोन हजार व्होल्ट किंवा अधिक असू शकतात. तेथे साधा मीटर लावू नये. नग बंद केल्यावरही चार्ज राहतो, तो स्क्रूड्रायव्हरने नव्हे, रेझिस्टन्समधून उतरवावा.

नग विकायचा असल्यास कोणते भाग बदलले आणि कोणते व्होल्टेज मोजले, ते चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्यावे.