अर्धवट गेम आणि एकतिसावा दिवस

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अरे, चालतंय ना? मग दाखवून टाक. बाकीचं नंतर बघू." हे वाक्य मीही कित्येकदा बोललोय, आणि खरं सांगायचं तर मिनी प्रोजेक्टच्या बाबतीत ते खपूनही जातं. एक्स्टर्नल आपल्या कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटं बसतात. त्या दहा मिनिटांत जे बटण दाबायचं नसतं ते आपण दाबत नाही. मार्क मिळतात, फाईलवर सही होते, विषय संपतो.

ऑनलाइन गेमच्या बाबतीत मात्र विषय तिथे सुरू होतो. हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं. आम्ही चौघांनी टेक्निकल फेस्टसाठी एक गेम केला होता. सह्याद्रीतले बारा किल्ले, हॉस्टेलच्या वाय-फायवर लॉगिन करायचं, आपल्या विंगसाठी किल्ले जिंकायचे. एन्ट्री फी 20 रुपये. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी बक्षिसाला 2000 रुपये दिले होते, पण अट अशी की बॅनरवर दुकानाचं नाव मोठं हवं. बॅनर छापून आला, त्यावर तारीखही छापली. आठ दिवस उरले तेव्हा लॉगिन चालत होतं, नकाशा दिसत होता, पण स्कोअर नीट साठवला जात नव्हता आणि वीसच्या वर माणसं आली की सर्व्हर काय करतो ते आम्ही तपासलंच नव्हतं. मी म्हणालो, "पुढे ढकलू या." रूममेट म्हणाला, "बॅनर?" झालं!

शुक्रवारी मेस सुटल्यावर गेम उघडला. 63 जण आले. वीस मिनिटांत सर्व्हर हँग. पुन्हा चालू केला तर सगळ्यांचे किल्ले शून्य. शनिवारी आले 9. पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही जागरणं करून सगळं दुरुस्त केलं, गेम अगदी मस्त पळायला लागला, आणि तो खेळायला शिल्लक राहिला फक्त रेक्टर सरांचा सातवीतला मुलगा. त्याने बाराही किल्ले जिंकले.

यंदा फेस्ट जवळ आलाय आणि तोच वाद आमच्या खोलीत पुन्हा पेटलाय. म्हणून या वेळी म्हटलं, आधी थोडा अभ्यास करू. आमच्यासारखंच पण करोडोंच्या हिशोबात कुणी अडकलं होतं का? होतं. तीच गोष्ट सांगतो.

1999 च्या मार्चमध्ये अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' नावाचा ऑनलाइन गेम आला आणि तुफान चालला. तो करणाऱ्यांतला एक प्रमुख माणूस म्हणजे ब्रॅड मॅक्वेड. त्याने 2002 मध्ये जेफ बटलरबरोबर कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली, सिजिल गेम्स ऑनलाइन. गेमचं नाव 'व्हॅनगार्ड: सागा ऑफ हीरोज'. पैसा आणि प्रकाशन मायक्रोसॉफ्टचं. बेत असा की थेस्ट्रा, कोजान आणि कलिया असे तीन खंड, सलग जग, स्वतःची घरं, स्वतःची जहाजं, आणि लढाईऐवजी वाटाघाटी करून पुढे जायची एक पत्त्यांच्या डावासारखी वेगळीच सोय. आयडिया वाचल्यावर मलाही वाटलं, हा खेळायलाच हवा होता.

पण काम लांबत गेलं. 2006 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्ट यातून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. सिजिलने गेमचे हक्क परत घेतले आणि सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचा हात धरला. म्हणजे मॅक्वेड फिरून पुन्हा 'एव्हरक्वेस्ट'वाल्यांच्याच दारात! सोनीने मदत केली, पण ती काही अमर्याद नव्हती. गेम अजून कच्चा होता, हे आत सगळ्यांना दिसत होतं. मॅक्वेडने पुढे जाहीरपणे मान्य केलं की आणखी काही महिने मिळायला हवे होते, पण पैसाच उरला नव्हता. 30 जानेवारी 2007 ला व्हॅनगार्ड दुकानात आला.

आता तारखेची गंमत बघा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा त्या काळातला सगळ्यात मोठा ऑनलाइन गेम. त्याचा पहिला मोठा विस्तार, 'द बर्निंग क्रुसेड', आला 16 जानेवारी 2007 ला. बरोब्बर दोन आठवडे आधी. शेजारच्या कॉलेजचं गॅदरिंग आणि आपलं गॅदरिंग एकाच आठवड्यात, आणि त्यांच्याकडे नामवंत ऑर्केस्ट्रा!

मग काय झालं? लोक आले, नाही असं नाही. पण गेमला लागणारं मशीन त्या वेळच्या साध्या कॉम्प्युटरच्या मानाने फार दणकट होतं. जग तुकड्यातुकड्यांनी लोड व्हायचं, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की गेम अडखळायचा. क्रॅश तर होतेच. वरच्या पातळीवर पोचलेल्यांसाठी करण्यासारखं फारसं तयार नव्हतं. आणि ते तीन खंड? इतके अवाढव्य की आलेली माणसं त्यात विरून गेली. तासभर चाललं तरी दुसरा खेळाडू भेटू नये, तर तो कसला ऑनलाइन गेम!

14 मे 2007. गेम येऊन साडेतीन महिने झाले होते. सिजिलच्या लोकांना दुपारी ऑफिसबाहेरच्या पार्किंगमध्ये जमायला सांगितलं आणि तिथे उभ्याउभ्या नोकरी गेल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी सोनीने गेम विकत घेतल्याची घोषणा केली आणि त्यातल्या बऱ्याच लोकांना आपल्याकडे घेतलं. पाच वर्षं राबलेल्या माणसांना ही बातमी पार्किंगमध्ये! मला हा प्रसंग वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. कारण पुढच्या वर्षी आपल्यातलेच कितीतरी जण अशा कंपन्यांत कामाला असतील, आणि तारीख कधी ठरवायची हे आपल्याला कुणी विचारणार नाही.

बरं, मग चूक कुठे झाली? "अर्धवट काढायलाच नको होता" असं म्हणणं सोपं आहे. रूममेट लगेच विचारतो, "मग पगार कुठून द्यायचे?" आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही वहीत एक हिशोब मांडला. आकडे आमच्या मनाचे, पण रीत खरी.

त्या काळी अशा गेमचा खोका साधारण 50 डॉलरला मिळायचा. त्यात पहिला महिना फुकट, आणि नंतर महिन्याला सुमारे 15 डॉलर वर्गणी. समजा, स्टुडिओत 100 माणसं आहेत आणि जागा, वीज, पगार धरून माणशी महिन्याला 8000 डॉलर लागतात. म्हणजे खर्च झाला महिन्याला 8 लाख. गेम घाईत काढला, 1 लाख खोके खपले, दुकानदार आणि प्रकाशक आपापला वाटा घेऊन गेल्यावर खोक्यामागे 15 डॉलर हाती आले. झाले 15 लाख. दोन महिन्यांचाही पगार नाही! आता एकतिसावा दिवस उजाडतो. फुकटचा महिना संपला, वर्गणी भरायची की नाही हे प्रत्येक जण ठरवणार. वैतागलेल्या लोकांतले 20 हजार थांबले, तर महिन्याला 3 लाख. खर्च 8, जमा 3. आणि याच वेळी बग दुरुस्त करायला माणसं जास्त लागतात, कमी नाही. सर्व्हरचं भाडं आणि फोनवर शिव्या खायला बसवलेली माणसं तर आम्ही धरलीच नाहीत.

उलट सहा महिने थांबून नीट काढला, तर जास्तीचे 48 लाख आधीच घालावे लागतात. पण समजा 60 हजार थांबले. मग महिन्याला 9 लाख येतात, म्हणजे आधीपेक्षा 6 लाख जास्त. घातलेले 48 लाख आठ महिन्यांत वसूल. कागदावर थांबणंच फायद्याचं आहे. अडचण एकच, ते 48 लाख देणार कोण? बुडत्या स्टुडिओला उसने देणारा शहाणा माणूस सहसा भेटत नाही.

हा हिशोब मांडल्यावर माझं मत बदललं. आधी मी "गेम किती पूर्ण आहे?" असं विचारत होतो. आता वाटतं, विचारायचं असं की गेम काढल्यानंतर तो सुधारायला किती महिन्यांचं बळ हातात शिल्लक आहे? सिजिलने शेवटचा पैसा गेम दुकानात पोचवायला वापरला. दुकानात पोचल्यावरचं काम करायला त्यांच्याकडे काही राहिलंच नाही.

याच्या उलटं उदाहरण जपानचं. स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी 14' 30 सप्टेंबर 2010 ला आला आणि दणकून आपटला. पण कंपनी मोठी होती, तिचे दुसरे गेम कमावत होते. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने माफी मागितली, वर्गणी घेणं लांबवलं, नाओकी योशिदाच्या हाती सूत्रं दिली. जुना गेम सांभाळत त्याने नवा लिहायला घेतला. नोव्हेंबर 2012 मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट 2013 मध्ये नवा गेम आला, जो पुढे वर्षानुवर्षं जोरात चालला. कच्चेपणा तसाच होता, पण उरलेलं बळ वेगळं होतं. नॉर्वेच्या फनकॉमचा 'अ‍ॅनार्की ऑनलाइन' जून 2001 मध्ये आला तेव्हा लोकांना धड लॉगिनही करता येईना. तो मात्र तगला, आणि वीस वर्षांहून जास्त चालला.

आणि केवळ थांबून राहिलं तर? तेही औषध नाही. बेसबॉलपटू कर्ट शिलिंगच्या '38 स्टुडिओज'ला ऱ्होड आयलंड राज्याच्या हमीवर साडेसात कोटी डॉलरचं कर्ज मिळालं होतं. त्यांचा ऑनलाइन गेम अर्धवट अवस्थेतच राहिला, 2012 च्या मे महिन्यात सगळ्यांना काढून टाकलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. तो गेम कधीच कुणाला खेळायला मिळाला नाही. व्हॅनगार्ड निदान खेळला तरी गेला. सोनीने त्याची डागडुजी केली, सर्व्हर एकमेकांत मिसळले, 2012 मध्ये तो फुकट केला, आणि 31 जुलै 2014 ला बंद केला. शेवटपर्यंत खेळणारे काही चाहते त्याची आठवण अजून काढतात. गेलेल्यांना मात्र तो सुधारल्याचं कळलंच नसावं. आमचे 54 जण कुठे परतले!

एक गोष्ट आमच्या एका सरांनी लक्षात आणून दिली. अर्धवटपणाचे दोन प्रकार असतात. इमारतीचा चौथा मजला बांधायचा राहिलाय, हा एक. आणि पायाच कच्चा आहे, हा दुसरा. वरच्या पातळीचा मजकूर नसणं हे चौथ्या मजल्यासारखं. तिथे पोचायलाच खेळाडूला दोन-तीन महिने लागतात, तेवढ्यात बांधता येतो. पण पाऊल टाकताच अडखळणं, क्रॅश होणं, स्कोअर पुसला जाणं हे पहिल्या तासात दिसतं, आणि पुढचे तीस दिवस माणूस तेवढंच लक्षात ठेवतो. माझ्या मते सिजिलने तीनपैकी एकच खंड घेऊन उतरायला हवं होतं. माणसं एका जागी राहिली असती, तपासायचा पसारा एक तृतीयांश झाला असता. पण तीन खंडांची जाहिरात होऊन बसली होती. म्हणजे पुन्हा बॅनरच!

आणि कच्चा आहे हे सांगून विकता येतं की. 'माइनक्राफ्ट' 2009 मध्ये अर्धवटच विकायला ठेवला होता, स्वस्तात, आणि तसं उघड सांगून. पूर्ण आवृत्ती आली नोव्हेंबर 2011 मध्ये. ज्यांनी आधी घेतला ते चिडले नाहीत, कारण काय घेतोय हे त्यांना ठाऊक होतं. मात्र तिथे सुरुवातीला माणसं थोडी आणि खर्चही थोडा होता. 100 जणांचा पगार डोक्यावर असलेल्या स्टुडिओला हा मार्ग तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुचून उपयोग नाही, तो पहिल्याच वर्षी धरावा लागतो.

तर आमच्या खोलीतला वाद असा मिटला. यंदा बाराऐवजी दोनच किल्ले, राजगड आणि तोरणा. फक्त बी विंगसाठी, फी नाही, आणि नोटीस बोर्डवर स्वच्छ लिहायचं की गेम कच्चा आहे, बग सापडला तर खोली नंबर 214 ला येऊन सांगा. त्याआधी सर्व्हरवर 80 खोटे खेळाडू सोडून रात्रभर चालवून बघायचं. आणि उघडल्यानंतरचे तीन आठवडे चौघांनी दुसरं काही अंगावर घ्यायचं नाही. पी.एल. त्यानंतर लागते, तारीख बघून ठेवली आहे.

उद्या झेरॉक्सवाल्या काकांकडे जायचंय, यंदा बॅनर नको म्हणून सांगायला. 2000 रुपये गेले, हे रूममेटने हा लेख लिहीपर्यंत तीनदा ऐकवलंय.