आधी डबा उचलून बघ

अगं, तुझी ती बेसच्या डब्याची, म्हणजे सबवूफरची, कोटेशनं पाहिली. एक अकोल्याचं, एक खामगावचं आणि एक तुझ्या भावाच्या मित्राचं, ज्यात '१८ इंची डबल बेस, अख्खं शेगाव हालेल' असं लिहिलंय. खरं सांगू का, तुला शेगाव हालवायचंच नाहीये. तुला हळदीला शंभर-दीडशे माणसं नाचवायचीत, बारशाला गाणी लावायचीत, आणि कॉलेजच्या पोरांचा छोटा बँड अधूनमधून सांभाळायचाय. एवढ्या कामाचा बेस छोट्या हत्ती टेम्पोत, दोघांच्या हातांत आणि घरच्या पैशांत मावला पाहिजे. डोकं गरगरतंय ते इंच आणि वॅट वाचून, तुला जमणार नाही म्हणून नव्हे.

पॉवर्डच घ्यायचा, हे मात्र तू बरोबर ठरवलंस. ॲम्प डब्यातच असतो, क्रॉसओव्हर आणि लिमिटर कंपनीनेच त्या स्पीकरला जुळवून बसवलेले असतात. ॲम्प वेगळा घेतलास की रॅक आली, जाड तारा आल्या आणि कुणी हौशी भाऊजींनी नॉब फिरवून कॉइल जाळली की भांडण आलं. पॉवर्डचा तोटा एकच. आत काही बिघडलं तर अख्खा डबा दुरुस्तीला जातो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा विचारूच नकोस. विचार, 'दुरुस्ती कुठे होते, आणि लग्नसराईत किती दिवस लागतात?' उत्तर देताना दुकानदार छताकडे बघायला लागला तर तूही चपला घाल.

आता वॅटचं. बघ, डब्यावर जो मोठा आकडा छापतात तो बहुतेक वेळा पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो. जेबीएलच्या ईऑन ७१८एस वर १५०० वॅट दिसतील, पण सलग पेलायची ताकद त्याच्या निम्मी, ७५०. यात फसवणूक नाही, फक्त दोन डब्यांची तुलना करताना पीक पीकशी आणि सलग सलगशी लाव. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही गं. वाढतो तो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे ८०० की १००० यावर रात्र जागवू नकोस.

त्यापेक्षा तो किती खाली उतरतो ते बघ. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, ड्रमच्या किकचा ठोका ५० ते ८० मध्ये. ४५ हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा डबा तुझ्या कामाला पुरतो. इथेही एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा आवाज ३ डेसिबलने पडतो तिथला देतात, काही १० डेसिबलने पडतो तिथला. दुसरा आकडा कागदावर देखणा दिसतो, प्रत्यक्षात त्या टोकाला बेस नुसता कण्हतो.

आणि वजन! याबद्दल कुणीच बोलत नाही, कारण कोटेशन लिहिणारा तो डबा उचलणार नसतो. चांगला १८ इंची पॉवर्ड बेस ४५-५० किलोच्या घरातही जातो. मंगल कार्यालयाचा जिना, रात्री साडेअकरा, मदतनीस जेवायला पळालेला, आणि तू साडीत. क्यूएससीचा केएस११२ किंवा यामाहाच्या डीएक्सएस मालिकेतला १२ इंची, असे डबे आकाराने लहान असून कामाला दणकट असतात. केएस११२ तर २८ किलोच्या आसपास आहे. माझं मत विचारशील तर बंद हॉलसाठी एक चांगला १५ इंची, नाहीतर दोन १२ इंची. दोन बारांची गंमत अशी की छोट्या कामाला एकच नेता येतो, आणि ऐन कार्यक्रमात एक रुसला तरी दुसरा लाज राखतो. दुकानात आधी डबा उचलून बघ. हँडल बोटांना काचतंय का, मागे चाकं बसतात का, वर टॉपचा, म्हणजे बाकीचा आवाज देणाऱ्या वरच्या स्पीकरचा, खांब लावायला भोक आहे का, हे सगळं तिथेच कळतं.

ऐकून बघताना त्यांची डेमोची गाणी लावू देऊ नकोस. ती त्या डब्याला साजेशीच निवडलेली असतात. तुझी हळदीची गाणी पेनड्राइव्हवर ने. आधी मध्यम आवाजात ऐक. प्रत्येक ठोका सुटा लागतोय, की सगळ्याची मिळून एकच घूं होतेय? मग हळूहळू वाढव आणि मागचा लाल दिवा बघ. तो अधूनमधून लुकलुकला तर चालतं. सतत पेटून राहिला तर डबा थकलाय, आणि तुझा हॉल त्या दुकानापेक्षा पुष्कळ मोठा असणार आहे.

आता ज्याने निम्मं काम फुकटात होतं ते सांगते. जागा. आपल्याकडे देखाव्यासाठी स्टेजच्या दोन टोकांना एकेक बेस ठेवायची पद्धत आहे. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. दोन्ही डब्यांपासूनचं अंतर साडेतीन मीटरने कमीजास्त झालं की एकाची लाट दुसऱ्याची खाऊन टाकते. मग मधल्या पट्ट्यात छाती धडधडते आणि चार पावलं बाजूला, जिथे नवरीच्या आत्या-मावश्या बसल्यात, तिथे बेस गायब. मग मावशी म्हणणार, 'बेसच नाही वं पोरी,' आणि तू घाबरून नॉब वाढवणार. त्यापेक्षा दोन्ही डबे शेजारी शेजारी, स्टेजखाली मधोमध ठेव. एकाचे दोन झाले आणि चिकटून ठेवले की ६ डेसिबलपर्यंत फायदा मिळतो. एकच असेल तर भिंतीजवळ, जमिनीवर. भिंत आणि जमीन मिळून त्याला हात देतात. लॉनवर भिंतीच नसतात, म्हणून हॉलमध्ये गरजणारा डबा तिथे मिणमिणतो. तो बिघडलेला नसतो.

मंडपवाल्याच्या लाकडी स्टेजवर मात्र बेस कधीच ठेवायचा नाही. मी ठेवला होता. फळ्या थरथरल्या, माइकचा स्टँड थरथरला, आणि निवेदिकेचा आवाज असा कापत गेला की लोकांनी तिलाच पाणी नेऊन दिलं.

जोडणी सोपी आहे, घाबरू नकोस. मिक्सरमधून बेसमध्ये, बेसच्या आउटपुटमधून टॉपमध्ये. तो आउटपुट खालचे सूर गाळून देतो की जसाच्या तसा पुढे ढकलतो, ते घेण्याआधी विचार. गाळून दिले की टॉपची छाती मोकळी होते आणि गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ येतो. गाळणी १०० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात कर. मागे पोलॅरिटीचं बटण असेल. गाणं चालू ठेवून ते दोन्हीकडे करून बघ, जिकडे बेस भरीव लागेल तिकडे ठेव. आणि बँड असेल तेव्हा सगळंच बेसमध्ये ओतू नकोस. किक, बेस गिटार, ऑक्टोपॅड, कीबोर्डचा डावा हात, बास. बेस म्हणजे फोडणीतलं हिंग, माइकमधल्या बोलण्यात तो गेला की सगळं उग्र होतं. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला किंवा ऋषिपंचमीला कुणी भजनासाठी साउंड मागितला तर बेस घरीच राहू दे. टाळ-मृदंगाला आणि अभंगाच्या शब्दांना दोन स्वच्छ टॉप हवेत. शिवाय त्या दिवसांत दिंड्यांच्या गर्दीतून तुझी गाडी मंदिराकडे सरकणारही नाही.

आपल्याकडचा मे महिना तुला मी काय सांगायचा! पारा ४४-४५ वर गेला की ॲम्प स्वतःला वाचवायला आवाज उतरवतो किंवा सरळ गप्प होतो. डब्याची पाठ उन्हात नको, भिंतीला अगदी चिकटवूनही नको, वीतभर हवा राहू दे. जनरेटरवर असशील तर कुलर आणि हॅलोजनच्या लाइनवरून वीज घेऊ नकोस, इलेक्ट्रिशियनला गोड बोलून वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग माग. आणि डब्यावर जाड कापड टाकायचं, पाठ मात्र उघडी ठेवून. सपाट जागा दिसली की कुणीतरी कचोरीची प्लेट आणि पाण्याचा ग्लास तिथे ठेवणारच, आणि पहिल्याच ठोक्याला ग्लास चालायला लागतो.

पोलिसांची भीती वाटते म्हणालीस. नियम माहीत असले की निम्मी भीती जाते बघ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षात फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतं, पण ती सण-उत्सवांसाठी, कुणाच्या काकांच्या हौसेसाठी नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी जागेत वाजवत असशील तर त्या जागेच्या हद्दीवर त्याहून ५ च जास्त चालतात. परवानगीचा कागद यजमानाकडून आधी घे, त्याची प्रत गाडीत ठेव, आणि 'दहाला बंद' हे ठरवतानाच बोल, वाजवताना नव्हे. आणखी एक. मोबाइलवरचं मीटर बहुतेक कानाच्या हिशेबाने मोजतं, त्यात बेस कमी धरला जातो. आकडा सभ्य दिसेल आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या मात्र वाजत असतील. म्हणून एकदा हद्दीबाहेर चालत जा, त्यांच्या भिंतीला हात लाव.

पैसे आत्ताच सगळे घालू नकोस. या आठवड्यातल्या हळदीला जो घ्यावासा वाटतोय तोच डबा भाड्याने आण, लाव, वाजव, आणि रात्री तूच गाडीत चढव. भाड्याचे पैसे गेले तर जाऊ देत. दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते ते मला फोन करून सांग, मग दुकानदाराशी भाव मी करते.