स्वस्तातल्या रॅकचे भिंतभर फडताळ : वाशीत किती खर्च येतो?

आपल्या वाशी तालुक्यातल्या जुन्या दगड-मातीच्या घरांत पुस्तकांसाठी वेगळे फर्निचर लागत नसे. हात-दीड हात जाडीच्या भिंतीतच फडताळ असे, शेजारी कोनाडे असत. पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, मुलांची पुस्तके तिथेच राहत. आता घरे स्लॅबची झाली, भिंती चार-सहा इंचांवर आल्या आणि फडताळाला जागाच उरली नाही. पुस्तके मात्र वाढली. घरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा किंवा मुलगी असली, तरी गाइड आणि संदर्भग्रंथांनी पलंगाखालची जागा भरते. २०२०च्या जानेवारीत धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरून पुस्तके आणलेल्यांनाही हा प्रश्न माहीत आहे.

भिंतभर कपाट सुताराकडून करून घ्यायचे, तर खर्च परवडत नाही. तयार रॅक आणून ठेवला, तर तो ठेवलेलाच दिसतो. यात मधला मार्ग आहे. स्वस्त तयार रॅक घ्यायचे, एकमेकांना जोडायचे आणि भोवतीच्या फटी पट्ट्यांनी बंद करायच्या. रॅक उपरा दिसतो तो स्वस्त लाकडामुळे नाही, तर जमिनीशी, बाजूच्या भिंतीशी आणि वरती राहिलेल्या फटींमुळे. या तीन ठिकाणी पैसे घाला, बाकी ठिकाणी वाचवा.

जगभर लोक हेच करतात. आयकिया या स्वीडिश कंपनीचे ‘बिली’ नावाचे साधे पुस्तकांचे कपाट १९७९ साली आले. ते आणून पट्ट्या लावून भिंतीत बसवणे हा अनेक देशांत घरगुती उद्योगच झाला आहे. आपल्याकडे तोच प्रकार बार्शी, कळंब किंवा लातूरच्या बाजारातल्या रॅकवर करता येतो.

आधी भिंत निवडा

सर्वांत सोयीची जागा म्हणजे दोन कॉलममधली भिंत. कॉलम भिंतीच्या पुढे आलेले असतात, त्यामुळे मध्ये आयती खाच मिळते. वर सात फुटांवर लॉफ्ट असेल तर आणखी चांगले. लॉफ्ट नसेल, तर रॅकचा वरचा काठ दाराच्या चौकटीच्या उंचीला आणून थांबवा. नजरेला दोन्ही एका ओळीत दिसले की काम नेटके वाटते.

माप तीन ठिकाणी घ्या : खाली, मध्ये आणि वर. गिलाव्यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज असतो. तिन्हींतले सर्वांत कमी माप धरा. भिंतीला ओळंबा लावा, कोपऱ्यात गुण्या धरा. भिंत किती तिरपी आहे ते आजच कळले, तर पट्टी किती रुंद ठेवायची हेही कळते. स्विचबोर्ड रॅकमागे झाकू नका. तो पुढे आणायला वायरमन साधारण ३०० ते ५०० रुपये घेतो. भिंतीला ओल येत असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करा.

रॅक घेताना

पुस्तके जड असतात. फूटभर ओळीचे वजन आठ-दहा किलो धरा, म्हणजे अडीच फुटी फळीवर वीस-पंचवीस किलो येतात. पार्टिकल बोर्डची १८ मिलिमीटरची फळी अडीच फुटांपेक्षा लांब नको, वर्षभरात मधून झोल येतो. तीन फुटी रॅक स्वस्त मिळाला, तरी अडीच फुटी तीन रॅक घेणेच बरे. खोली दहा ते बारा इंच पुरते. फळ्यांमधले अंतर बहुतेक मराठी पुस्तकांना अकरा इंच पुरेसे असते. शब्दकोश, बांधीव अंक यांच्यासाठी एक खण चौदा इंचांचा ठेवा.

ऑनलाइन मागवताना पत्त्यात ‘वाशी’च्या पुढे तालुका, जिल्हा धाराशिव आणि पिनकोड न विसरता लिहा, नाहीतर गोंधळ नवी मुंबईच्या वाशीशी होतो. माल घरपोच मिळेल की कुरिअरच्या डेपोवरून आणावा लागेल, हेही आधी विचारा. खोके उघडतानाचे फोटो काढा आणि कोपरे तपासा. एकदा रॅकला भोक पाडले की माल परत घ्यायला विक्रेते तयार होत नाहीत.

आठ फूट रुंद, सात फूट उंच भिंतीचा अंदाज

हिशेब तीन रॅकचा आहे. प्रत्येक रॅक अडीच फूट रुंद, सहा फूट उंच. तिन्ही मिळून ९० इंच, भिंत ९६ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच पट्टीसाठी उरतात. खाली चार इंचांचा पाया आणि वर आठ इंचांची झाकपट्टी धरली, की सात फूट पूर्ण होतात. खालचे दर अंदाजे आहेत. खरेदीआधी दोन दुकानांत विचारून घ्या.

तयार रॅक, ३ नग : १०,५०० ते १५,००० रुपये
टेम्पो व हमाली : ८०० ते १,५०० रुपये
पाया, लाकडी चौकट व खाली ठोकळे : १,००० ते १,५०० रुपये
आठ बाय चारचा एक प्लाय, पट्ट्या आणि झाकपट्टीसाठी : २,२०० ते ३,००० रुपये
स्क्रू, गिट्ट्या, एल-क्लॅम्प, फेव्हिकॉल : ६०० ते ९०० रुपये
प्रायमर, पुट्टी, ऑइल पेंट, पॉलिश पेपर : १,८०० ते २,५०० रुपये
फट भरायचे अॅक्रिलिक सीलंट : २५० ते ४०० रुपये
सुतार, ३ दिवस : २,७०० ते ३,६०० रुपये
रंगारी, २ दिवस : १,६०० ते २,००० रुपये

एकूण : २१,४५० ते ३०,४०० रुपये.

हेच कपाट प्लाय आणि सनमायका वापरून सुताराकडून नव्याने करून घेतले, तर दर्शनी चौरस फुटाला १,००० ते १,५०० रुपये धरा. ५६ चौरस फुटांचे ५६,००० ते ८४,००० होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसे वाचतात. पाया, जोडणी आणि रंगकाम घरातल्यांनी केले, तर मजुरीतले आणखी तीन-चार हजार वाचतील. पट्ट्या कापणे मात्र सुताराकडेच द्या. तिरप्या भिंतीला पट्टी रंध्याने बेतून बसवणे हे सरावाचे काम आहे, आणि सगळी शोभा त्या एका कामावर अवलंबून असते.

काम कोणत्या क्रमाने

आधी पाया. चार इंची चौकट लेव्हलमध्ये बसवा आणि तिच्याखाली ग्रॅनाइटचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा. लाकूड थेट जमिनीला टेकले की वाळवीला वाट मिळते. पावसाळ्यात फरशीला सुटणारी ओल आणि पोछ्याचे पाणीही या चार इंचांमुळे रॅकपर्यंत पोहोचत नाही. मागच्या भिंतीपासून अर्धा ते एक इंच अंतर ठेवा. स्कर्टिंगच्या जाडीमुळे तेवढे अंतर बहुधा आपोआपच पडते.

मग रॅक उभे करा आणि बाजूच्या फळ्या एकमेकींना जोडा. दोन १८ मिलिमीटरच्या फळ्यांना ३० मिलिमीटरचे स्क्रू पुरतात, त्याहून लांब घेतले तर टोक पलीकडे निघते. आधी बारीक ड्रिल मारा. पार्टिकल बोर्डात थेट स्क्रू ठोकला तर भुसा सुटतो आणि पकड जाते.

तिसरे काम, रॅक भिंतीला बांधणे. मागचा पत्र्यासारखा पातळ बोर्ड काही धरून ठेवत नाही. एल-क्लॅम्प बाजूच्या फळीला, अगदी वरच्या भागात लावा आणि दुसरी बाजू गिट्टी व स्क्रूने भिंतीत घ्या. प्रत्येक रॅकला दोन. दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी टिकत नाही. तिथे रॅक तुळईला किंवा लाकडी खांबाला बांधा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या जिल्ह्यानेही सोसला आहे. पुस्तकांनी भरलेला सहा फुटी रॅक शंभर-दीडशे किलोंचा होतो. लहान मूल फळीवर पाय देऊन चढले, तरी मोकळा रॅक पुढे येऊ शकतो. हे काम टाळू नका.

आता पट्ट्या. दोन रॅकच्या जोडावर दोन इंचांची उभी पट्टी लावली, की दोन फळ्यांची जागा एक जाड खांब घेतो. बाजूच्या तीन इंची जागेत भिंतीला बेतलेली पट्टी बसवा, वर आठ इंची झाकपट्टी. खाली पायाच्या दर्शनी बाजूला खोलीतल्या स्कर्टिंगचीच फरशी चिकटवा. त्या एका पट्टीने रॅक खोलीचा भाग वाटू लागतो, आणि खर्च शे-दोनशे रुपयांचाच असतो.

शेवटी रंग. सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग थेट धरत नाही. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा, धूळ पुसा, प्रायमर द्या, मग रंगाचे दोन हात. पट्टी आणि भिंत यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत अॅक्रिलिक सीलंट भरा. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग बसत नाही. रॅक, पट्ट्या आणि झाकपट्टी सगळ्यांना एकच रंग द्या. रंग द्यायचा नसेल, तर पट्ट्यांना रॅकच्याच छटेचा सनमायका लावा. नमुन्याचा तुकडा दुकानात नेऊन दिवसाच्या उजेडात ताडून पाहा.

कडप्पा की लोखंड?

घर नवे बांधत असाल, तर रॅक विकत घेण्याआधी कडप्प्याचा विचार करा. गवंडी भिंतीत खाचा घेऊन फळ्या बसवतो. याच मापाला साधारण ७५ चौरस फूट दगड लागतो. दगड, कटिंग, वाहतूक आणि मजुरी धरून ११ ते १६ हजारांत काम होते. वाळवी नाही, ओलीची भीती नाही, झोल नाही. मात्र चार इंची भिंतीत खोल खाचा घेऊ देऊ नका, फळ्यांना मधूनमधून उभ्या दगडाचा आधार द्या. एकदा बसवले की ते हलत नाही, म्हणून भाड्याच्या घरात याचा उपयोग नाही.

घरात वाळवी वारंवार येत असेल, तर लोखंडी अँगलचा रॅक घ्या. त्यालाही समोरून पट्ट्या लावता येतात. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी अशा बदलीच्या नोकरीतल्यांनी रॅकच घ्यावेत, आणि पट्ट्या खिळ्यांऐवजी स्क्रूने लावाव्यात, म्हणजे उघडून नेता येतात.

व्यवहार ठरवताना

सुताराशी बोली कामाच्या मापावर करा आणि वहीत लिहून ठेवा : पाया, किती पट्ट्या, झाकपट्टी, भिंतीला क्लॅम्प, सामान कोणाचे. आगाऊ रक्कम सामानापुरती द्या, उरलेली काम पाहून द्या. प्लायवर आयएसआय खूण आणि आयएस ३०३ हा क्रमांक पाहा. ओलीच्या भिंतीला आयएस ७१०चा प्लाय महाग असला तरी टिकतो. पक्के बिल घ्या. माल सदोष निघाला आणि विक्रेता ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

सगळे पैसे एकदम हातात नसतील, तर काम दोन टप्प्यांत करा. आज रॅक, पाया आणि भिंतीला बांधणे. पट्ट्या आणि रंग सोयाबीनचे पैसे आल्यावर. रंग दोन-चार महिने थांबला तर काही बिघडत नाही, पण बांधल्याशिवाय एकही पुस्तक फळीवर ठेवू नका.