नैवेद्याची हुग्गी : न चाखता रांधण्याचा पाठ

नित्याचा स्वयंपाक आणि नैवेद्याचा स्वयंपाक यांत एक मोठा भेद आहे. नित्याच्या आमटीत मीठ कमी पडले की काय, हे पळीभर घेऊन चाखून पाहता येते. नैवेद्याचा पदार्थ मात्र देवापुढे जाण्यापूर्वी चाखावयाचा नसतो. त्याचा पहिला घास देवाचा. म्हणून नैवेद्य रांधणाऱ्या गृहिणीस जिभेचे साहाय्य नाही. तिने नाक, डोळे व बोटे यांवरच विसंबावयाचे असते. आमच्या सीमाभागातील हुग्गी हे याचे उत्तम उदाहरण होय.

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची गुळातील खीर. कानडी घरी ती हुग्गी, मराठी घरी गव्हाची खीर. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यास जोडले गेले. सीमा बदलली, सणाच्या दिवशी चुलीवर चढणारे पातेले मात्र दोहींकडे तेच राहिले.

पुष्कळ भगिनींचा समज असा की, तूप व गूळ सढळ हाताने घातला म्हणजे पदार्थास गोडी येते. गोडी येते, परंतु चवीची खोली येत नाही. ती येते क्रमाने व सबुरीने. तो क्रम पुढीलप्रमाणे आहे.

साहित्य (सहा ते आठ पानांसाठी) : सडलेली खपली १ वाटी, चिरलेला गूळ सव्वा वाटी, साजूक तूप ४ चमचे, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, खसखस १ चमचा, वेलदोडे ६, जायफळ पाव, सुंठपूड अर्धा चमचा. नैवेद्याच्या गोडात मीठ घालण्याची ज्यांच्या घरी रीत आहे, त्यांनी चिमूटभर घालावे.

पहिली पायरी, भाजणे. खपलीचे टरफल दाण्यास घट्ट धरून असते. मळणीने ते सुटत नाही. म्हणून पाण्याचा हबका देऊन ती उखळात सडावी लागते व मग सुपाने पाखडावी लागते. बाजारातून सडलेली आणली तरी चालेल. हे कोरडे दाणे मंद आचेवर परतावेत. भाजल्या धान्याचा खमंग वास उठला आणि दाण्याचा रंग किंचित गडद झाला की उतरावेत. नंतर धुऊन सहा ते आठ तास भिजत घालावेत. उन्हाळ्यात पाणी एकदा बदलावे, नाही तर ते आंबते.

दुसरी पायरी, शिजविणे. भिजलेल्या दाण्यांपैकी चौथा हिस्सा जाडसर वाटून घ्यावा. याने खिरीस दाटपणा येतो. सर्व एकत्र करून पाच वाट्या पाण्यात मंदाग्नीवर सुमारे दीड तास शिजवावे. पाणी आटल्यास गरम पाणीच घालावे. कुकरात सहा ते आठ शिट्ट्या पुरतात. वाफ आपोआप जिरू द्यावी. खूण अशी : एक दाणा बोटांत चिरडावा. आत पांढरा टणक कण लागला तर तो कच्चा समजावा. तपासलेला दाणा पुन्हा पातेल्यात टाकू नये.

तिसरी पायरी, गूळ. हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय : दाणा पूर्ण शिजल्यावाचून गूळ घालू नये. गोड पाण्यात दाण्यातील पीठ नीट फुलत नाही; मग कितीही वेळ शिजविले तरी तो चिवटच राहतो. गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळावा, म्हणजे कचरा जातो. नंतर तो वेगळ्या भांड्यात उकळावा. फेस बारीक होऊन उसाच्या रसाचा कच्चा वास गेला व खमंग वास आला की पाक खिरीत ओतावा आणि पाव तास ढवळत राहावे. तळ लागण्याचा धोका याच वेळी अधिक असतो.

चौथी पायरी, सुवास. खोबरे बदामी रंगावर भाजून, खसखस भाजून वाटून, दोन्ही तुपासह घालावीत. जायफळ, वेलदोडे व सुंठ मात्र पातेले उतरविल्यावरच घालावीत. त्यांचा सुगंध आचेने उडून जातो. तूप तो धरून ठेवते. मग झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्यावे. निवल्यावर खीर दाटते, म्हणून उतरविताना ती थोडी पातळ असावी. दूध घ्यावयाचे ते पानात, तापवून निवविलेले घ्यावे. कढत गुळात घातल्यास ते फाटते.

खपली पौष्टिक खरी, परंतु गुळाची हुग्गी ही गोडच. मधुमेह असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ती प्रसादापुरतीच घ्यावी.

चार पायऱ्यांच्या या खुणा तराजूने मोजता येत नाहीत. वाट्याचमच्यांचे प्रमाण कागदावर उतरते. खमंग वास केव्हा उठला, हे चुलीजवळ उभे राहूनच शिकावे लागते. आज सणाचे गोड पुष्कळ घरी दुकानातून येते. त्यात दोष कोणाचाही नाही, कारण सवड कमी झाली आहे. परंतु आजीच्या नाकाला जे कळते, ते नातीने तिच्याजवळ उभे राहून घेतले नाही, तर ते आजीबरोबरच जाईल. म्हणून येत्या सणास लेकीसुनांना व मुलांनाही पातेल्यापाशी बोलवावे आणि वास ओळखावयास लावावे.

गाणगापुरी दुपारी माधुकरीची प्रथा आहे. श्रीनृसिंहसरस्वती त्या वेळी कोणत्याही रूपाने भिक्षेस येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून वाढणारा समोरच्यास न निवडता वाढतो. नैवेद्य रांधणेही तसेच आहे. आपण चव घेतलेली नसते, घेणारा दिसत नाही; तरीही हातून काही उणे राहू द्यावयाचे नाही. ही सावधानता हाच हुग्गीतील खरा गोडवा होय.