विजेच्या करवतीने घरी फळी कापताना

जून-जुलैची मासेमारीबंदी लागली की विरारजवळच्या अर्नाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि घरातली रेंगाळलेली सुतारकामं बाहेर निघतात. फडताळाला फळी हवी असते, दाराची खालची पट्टी कुजलेली असते. सुतार वेळेवर मिळत नाही आणि हातातली विजेची करवत आता बऱ्याच घरांत आलेली आहे. कारागीर तिला ‘सर्क्युलर मशीन’ म्हणतात. तिचं सव्वासात इंची पातं मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतं, म्हणजे दात्यांचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात जातो.

पात्याला हात लागू नये हे कुणालाही कळतं. फसवा धोका वेगळाच आहे. कापताना फट मिटली आणि पातं लाकडात चिमटलं, की मशीन उसळी घेऊन मागे, कापणाऱ्याच्या अंगावर येतं. म्हणून सगळी तयारी एकाच हिशेबाने करायची: कापलेली फट शेवटपर्यंत उघडी राहिली पाहिजे. उदाहरणादाखल १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायमधून एक फूट रुंदीची फळी कापू.

साहित्य

- खालचं गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटणारी सर्क्युलर करवत
- प्लायसाठी ४० किंवा जास्त दात्यांचं कार्बाइड टोकांचं पातं
- चार सरळ रिपा, दोन सी-क्लॅम्प, एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी
- गुण्या, पेन्सिल, टेप, लाकडाच्या दोन पातळ पाचरी
- गॉगल, मास्क, कानात घालायचे बोळे

घरात मार्बल कटर असतो आणि त्याला लाकडाचं पातंही मिळतं. पण त्याचं गार्ड फक्त वरून असतं, खालचं पातं कायम उघडं राहतं, म्हणून तो इथे नको. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं तर कधीच लावू नका.

कृती

१. जागा. पावसाळ्यात अंगणात किंवा ओल्या फरशीवर मशीन चालवू नका. कोरडी, छपराखालची, उजेडाची जागा घ्या. मुलं आणि कोंबड्या बाहेर.

२. वीज. १,२०० ते १,४०० वॉटची करवत चालू होताना एकदम जास्त करंट ओढते, म्हणून १६ अँपियरच्या सॉकेटवर लावा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. एक्स्टेन्शन लागलं तर २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडा, कारण गुंडाळलेली वायर तापते. खाऱ्या हवेने प्लगच्या पिनांवर पांढरट-हिरवट थर धरतो. तो पॉलिशपेपरने काढा, नाहीतर तिथे ठिणग्या उडतात.

३. कपडे. लुंगी, ओढणी, मोकळ्या बाह्या, गळ्यातली साखळी, बांगड्या नकोत. हातमोजेही नकोत, दात्यात धागा अडकला की तो हात आत ओढतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, नेहमीच्या चष्म्याला बाजू नसतात. मास्क विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

४. मशीनची तपासणी, प्लग काढूनच. खालचं गार्ड हाताने मागे सारा आणि सोडा. खटकन मिटलं पाहिजे. समुद्राकाठी स्प्रिंग गंजते, भुसा ओलावून घट्ट बसतो आणि गार्ड अर्ध्यात थांबतं. असं गार्ड साफ झाल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, आणि ते पाचर मारून उघडं ठेवायचं तर मुळीच नाही. पात्यावर लिहिलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत ना आणि बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही पाहा.

५. लाकडाची तपासणी. नवा प्लाय असेल तर प्रश्न नाही. जुन्या होडीची फळी असेल तर लपलेल्या खिळ्यांसाठी कापायच्या जागेवरून चुंबक फिरवा. तांब्याचा खिळा चुंबकाला लागत नाही, म्हणून बोटांनीही चाचपा. भेगांत बसलेली वाळू ताठ ब्रशने काढा, ती पात्याची धार घालवते.

६. आखणी. चांगली बाजू खाली ठेवा. या करवतीचे दाते खालून वर कापतात, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला उडतात. गुण्याने रेष मारा आणि टाकाऊ भागावर फुली करा. पातं सूतभरापर्यंत लाकूड खातं, ते टाकाऊ बाजूचं जाऊ द्या.

७. आधार. इथेच सगळं ठरतं. प्लाय दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवला तर मध्ये कापताना तो खाली वाकतो, वरून फट मिटते आणि पातं चिमटतं. म्हणून जमिनीवर चार रिपा मांडा, रेषेच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. म्हणजे कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात. सुतार हातकरवत चालवताना लाकूड पायाखाली दाबतात. विजेच्या करवतीला ही सवय घातक आहे, इथे फक्त क्लॅम्प. मदतनिसालाही तुकडा उचलून धरू देऊ नका, उचलला की फट मिटलीच.

८. खोली आणि पट्टी. पातं प्लायच्या खाली एक-दोन सूतच येईल इतकं ठेवा. जास्त बाहेर काढलं तर अडकायला वाव वाढतो. मशीनच्या तळाची कड ते पातं हे अंतर एका टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा आणि रेषेपासून तेवढ्या अंतरावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने पक्की करा.

९. कापणी. आता प्लग लावा. पात्याच्या रेषेत न उभं राहता बाजूला राहा, वायर खांद्यावरून मागे घ्या, दोन्ही हात मुठींवर. मशीनचा तळ प्लायवर टेकवा, पातं मात्र लाकडापासून दूर. बटण दाबा, पूर्ण वेग आला की पुढे सरका. मशीन ढकलू नका. आवाज जड झाला तर तुम्ही घाई करताय. लांब कापात मध्ये थांबा, पातं पूर्ण थांबू द्या आणि मागच्या फटीत पाचर सरकवा. पावसाळ्यात दमटलेल्या लाकडाला ही पाचर लागतेच. रेष चुकली तर चालू पात्याने वळवायला जाऊ नका. थांबा, मागे या, पुन्हा सुरू करा.

१०. थांबणं. बटण सोडलं तरी पातं काही सेकंद फिरत राहतं. ते थांबेपर्यंत मशीन उचलू नका. मध्येच वीज गेली तर बटण सोडा आणि प्लग काढा. काही मशीनना बटण दाबलेलं ठेवणारी कळ असते, ती वापरूच नका. नाहीतर वीज परत येताच पातं आपोआप फिरू लागेल.

अपघात झालाच तर

एकट्याने काम करू नका. विरार आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्यांना आधी होडीने खाडी ओलांडावी लागते. तिथे मशीन दिवसाउजेडी आणि सोबतीला कुणी असतानाच काढावं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन करा. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण बोट मासळीसारखं थेट बर्फात पुरू नका, पेशी गोठून मरतात आणि मग ते जोडता येत नाही.

काम झाल्यावर

प्लग काढा, ब्रशने भुसा झाडा, पात्यावर मशीन ऑइलचं बोट फिरवा आणि सगळं झाकणाच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी वापरण्याआधी तेल पुसून टाका.

आणि एक मर्यादा पाळा. या करवतीचं पातं फार तर अडीच इंच खोल जातं. त्याहून जाड वासा, ओलं लाकूड किंवा खिळ्यांनी भरलेली होडीची फळी असेल तर ती टेम्पोत टाकून वखारीत न्या. तिथे बँडसॉ आहे आणि तो चालवणारा रोजचा माणूस आहे.