फ्लॉपीतले दप्तर : सूची कशी करावी, कोणते सॉफ्टवेअर निवडावे



पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. रुमालात काय आहे याची नोंद नसेल तर एका कागदासाठी शेकडो रुमाल सोडावे लागतील. कागद हाती आला, पण मोडी वाचता येत नसेल, तरीही तो मुकाच राहणार. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले, म्हणून ते अभ्यासकांच्या हाती आले.

आपल्या शाळेच्या अलमारीतही असे एक दप्तर आहे. ते फ्लॉपी डिस्कवर आहे. जुन्या स्नेहसंमेलनांच्या याद्या, हस्तलिखिताचे टंकलेखन, प्रश्नपत्रिका, सभांची इतिवृत्ते. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून आलेली, आणि पुढे भेल कारखान्याच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथे कशी रुजली, याच्या खुणा अशाच कागदांत सापडतात. या फ्लॉप्यांची सूची करायची आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तरी हा पाठ मराठीतच देत आहोत. कारण यातील मुख्य अडचण मराठी अक्षरांचीच आहे.

फ्लॉपी म्हणजे किती?

साडेतीन इंची फ्लॉपीला दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. गुणाकार करा : २ × ८० × १८ × ५१२ = १४,७४,५६० बाइट. अशा शंभर फ्लॉप्या मिळून पंधरा कोटी बाइटही होत नाहीत. आजच्या सर्वात लहान पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात त्या मावतात. म्हणजे जागेचा प्रश्न नाही, प्रश्न वेळेचा आहे. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबवली. चुंबकीय थर दरवर्षी क्षीण होतो आणि भोपाळच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

सॉफ्टवेअरच्या आधी

१. साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचे उलट आहे. तिची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते.

२. बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. ड्राइव्हचे डोके मळते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते.

३. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे संगणकाने विचारले तर उत्तर नेहमी ‘नाही’. फ्लॉपी वाचता आली नाही म्हणूनही संगणक हा प्रश्न विचारतो. ‘होय’ म्हटले की आतले सर्व गेले असे समजावे.

४. आधी संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा संगणकावर उतरवावी. पुढचे सर्व काम त्या प्रतीवर करावे. एकच फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवणे म्हणजे ती झिजवणे.

तीन प्रकार

सूचीसाठी ढोबळमानाने तीन प्रकारची साधने मिळतात.

पहिला प्रकार साध्या तक्त्याचा. लिब्रे ऑफिस किंवा एक्सेलमध्ये रकाने आखून आपण स्वतः भरायचे. शिकायला सोपे, पण प्रत्येक फाइलचे नाव हाताने लिहावे लागते.

दुसरा प्रकार डिस्क सूचीकाराचा. हा प्रोग्राम फ्लॉपीतील फाइलींची नावे, आकार व दिनांक स्वतः वाचून घेतो. मग फ्लॉपी न घालताही शोध घेता येतो. ‘व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू’ हा अशा प्रकारचा निःशुल्क प्रोग्राम आहे.

तिसरा प्रकार ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा. न्यूझीलंडमध्ये तयार झालेले, २००० साली सुरू झालेले ‘कोहा’ किंवा आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’. पुस्तकांची देवघेव चालवायला ही उत्तम आहेत. एका अलमारीतील फ्लॉप्यांसाठी मात्र हा डोलारा मोठा होतो.

आम्ही दुसरा व पहिला मिळून घ्यावे असे सुचवतो. यंत्राने नावे वाचावीत आणि माणसाने अर्थ लिहावा. डॉसच्या काळात फाइलीच्या नावाला आठ व पुढे तीन अक्षरांचीच मुभा होती. ‘एसएस९७बी’ या नावात स्नेहसंमेलन दडले आहे हे यंत्राला कसे कळणार? दिनांकावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ज्या संगणकाची बॅटरी संपलेली असे, त्याच्या फाइलींवर १ जानेवारी १९८० अशी तारीख पडलेली आढळते. डॉसची दिनदर्शिका तिथूनच सुरू होते.

मोडी आणि फॉन्ट

आता मुख्य मुद्दा. त्या काळी बहुतेक मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये संगणक इंग्रजी अक्षरेच साठवतो. फक्त त्यांचे चित्र देवनागरी दिसते. फॉन्ट काढला की उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. म्हणून अशा मजकुरात ‘गणपती’ शोधला तर सापडत नाही आणि नावे अकारविल्हे लागत नाहीत.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून सूची युनिकोडमध्येच करावी आणि मूळ फाइल कोणत्या फॉन्टची आहे यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. रूपांतर करून देणारे प्रोग्राम आहेत, परंतु नजर आपलीच हवी. मराठीतला ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या रूपांतरात तो ‘र्य’ होऊ शकतो. मग ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ याचे ‘आचार्यांना मानधन दिले’ होते. स्वयंपाक करणाऱ्यांचे पैसे हिशेबात गुरुजींच्या नावावर पडतात!

निवडीच्या पाच कसोट्या

१. युनिकोड मराठी लिहिता व शोधता येते का?
२. सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का? सॉफ्टवेअर बंद पडेल, सूची राहिली पाहिजे.
३. इंटरनेटशिवाय चालते का?
४. दरवर्षी शुल्क भरावे लागते का?
५. आज शिकलेला विद्यार्थी उद्या दुसऱ्याला शिकवू शकेल का?

दुसऱ्या कसोटीत नापास झालेले सॉफ्टवेअर बाकी कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

विश्वस्तांना एक विनंती. काही फ्लॉप्यांत विद्यार्थ्यांचे गुण व घरचे पत्ते असणार. सूचीत ‘गुणपत्रक, अमुक वर्ष’ एवढेच लिहावे. आतली माहिती सर्वांसाठी उघडी ठेवू नये.

पालकहो, शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय केली. चिकाटी हेच त्यांचे साधन होते. आपल्याकडे यंत्र आहे. चिकाटी तेवढी आपल्याला आणायची आहे. घरी जुन्या फ्लॉप्या असतील तर टाकू नका, उन्हापासून व लोहचुंबकापासून दूर ठेवा.

स्वाध्याय

१. एका फ्लॉपीसाठी नोंदपत्र तयार करा. रकाने : क्रमांक, वरच्या चिठ्ठीवरील मजकूर (जसाच्या तसा), आकार, फाइली, फॉन्ट, स्थिती, विषय, तपासणाऱ्याचे नाव.
२. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांचे अर्थ लिहा. असे आणखी तीन शब्द शोधा.
३. आजीआजोबांना विचारा : घरातले कोणते कागद नोंद नसल्यामुळे हरवले?