भाजलेली कोंबडी आणि थर्माकोलची पेटी

तापी-गोमाईच्या संगमावरील आमच्या प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात. अशा क्षेत्राच्या गावी सामिष जेवणाचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण थंडी पडली, की आसपासच्या मळ्यांतून निखारे पेटतात, कोंबड्या भाजल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलेच काही जण माझ्या दवाखान्यात पोट धरून बसलेले असतात.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पाहुणे रात्री आठला येणार म्हणून एका मळ्यात सहा वाजताच कोंबड्या भाजून तयार होत्या. त्या गार होऊ नयेत म्हणून यजमानांनी बर्फातले मासे ठेवतात तसली थर्माकोलची पेटी आणली, तुकडे रचले, झाकण लावले. पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली आणि पंगत साडेअकराला बसली. पेटी उघडली तर तुकडे अजून हाताला गरम! सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून दुपारपर्यंत माझ्याकडे अकरा रुग्ण आले. पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब. ताप कुणालाच नाही, उलट्या एक-दोघांनाच. ज्या मुलांनी संध्याकाळी निखाऱ्यावरूनच उचलून खाल्ले होते, ती मात्र ठणठणीत होती.

उरलेले अन्न फेकून दिल्याने तपासणी झाली नाही. म्हणून जंतूचे नाव छातीठोकपणे सांगत नाही. पण हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूशी तंतोतंत जुळते. १९५३ साली इंग्लंडमध्ये बेटी हॉब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिजवून रेंगाळत ठेवलेल्या मांसाशी असलेला त्याचा संबंध दाखवून दिला. याची बीजे भाजण्या-शिजवण्याच्या उष्णतेतही जगतात. मांस कोमट झाले, की ती जागी होतात. ४३ ते ४७ अंश सेल्सिअसला तर हे जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही.

आणि इथेच हात फसवतो. आपले अंग ३७ अंशांचे, त्यामुळे ४५ अंशांचा तुकडा बोटांना गरमच लागणार. जंतूंना मात्र ती ऊब मानवते. त्यांना रोखायचे तर मांस ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो ४२ अंशांवरच संपतो. अन्नात खुपसायचा वेगळा थर्मामीटर मिळतो. स्वयंपाकाची कंत्राटे घेणाऱ्यांनी तरी तो जवळ ठेवावा.

पेटी स्वतः उष्णता तयार करत नाही, असलेली फक्त सावकाश जाऊ देते. लसी नेण्याच्या डब्यात आम्ही बर्फाच्या पिशव्या घालतो, तेव्हाच तो थंड राहतो. तसेच हे. प्लॅस्टिकच्या जाड पेटीत आधी कढत पाणी भरून वीस मिनिटे ठेवावे, मग ओतून पेटी पुसून घ्यावी. मांस आगीवरून थेट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा जाड टॉवेलात गुंडाळून पेटीत, आणि उरलेली पोकळी कापडाने भरावी; रिकामी जागा जितकी जास्त, तितके मांस लवकर निवते. थर्माकोल कढत पाण्याने मऊ पडतो, तिथे टॉवेलवरच भागवावे. झाकण सारखे उघडू नये. सकाळी कच्ची कोंबडी ज्या पेटीत आणली तीच साबणाने न धुता वापरणे म्हणजे वेगळेच संकट ओढवून घेणे.

थर्मामीटर नसेल, तर दोन तासांत वाढून मोकळे व्हावे. पाहुण्यांना उशीर होतो असे दिसताच मांस लगेच पुन्हा निखाऱ्यावर घेऊन आतपर्यंत वाफाळेल इतके तापवावे. पाच तासांनी तापवून उपयोगाची खात्री नाही, कारण हाताळताना शिरणाऱ्या दुसऱ्या काही जंतूंचे विष उकळूनही जात नाही. खरे तर निम्म्या कोंबड्या मसाला लावून बर्फात ठेवाव्यात आणि गाडी दारात आल्यावर भाजाव्यात. आमच्याकडे नेमके हेच कुणाला पटत नाही!

त्या अकरांपैकी दहा जण मीठ-साखरेच्या पाण्यावर दिवसभरात बरे झाले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, घोट घोट घ्यावे. अकरावे आजोबा सत्तरीचे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे. त्यांना दुपारपर्यंत लघवीच झाली नव्हती, बोलणे अडखळत होते. सलाइन लावून दोन दिवस ठेवावे लागले. म्हातारी माणसे, लहान मुले व गरोदर बाया यांना जुलाब लागले, तर दवाखान्यात आणायला संध्याकाळची वाट पाहू नये. जुलाबात रक्त, ताप किंवा गुंगी असेल तर कुणालाही लगेच आणावे. जुलाब बंद करणारी गोळी मनाने देऊ नये.